विकावयाच्या घराची डागडुजी

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्यांनी रचली त्यांच्या काळी घर विकण्याचा प्रसंग क्वचितच येत असावा. नाही तर 'घर पाहावे विकून' असा तिसरा चरण त्यांनी तिला खात्रीने जोडला असता. आज हा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो, आणि तो आला म्हणजे सर्वांत आधी जो प्रश्न पुढे उभा राहतो त्याचाच विचार आपणांस आज करावयाचा आहे. विकण्यापूर्वी घर दुरुस्त करून, रंगवून, नवे करून घ्यावे, की आहे त्या स्थितीत विकावे?

उदाहरणादाखल रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव घेऊ. हातखंब्यावरून पुढे आले म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर हे गाव लागते, आणि येथूनच नाणीज, साखरपा व आंबा घाट यांवरून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो. लक्ष्मीपल्लीनाथाचे देवस्थान येथलेच. या गावात चिऱ्याच्या भिंतींचे, कौलारू छपराचे, पुढे ओटी व पडवी असलेले एक जुने घर आहे, असे समजू. वडील गेले, मागोमाग आईही गेली. थोरला मुलगा ठाण्यास, धाकटा पुण्यास आणि बहीण कोल्हापुरास. गणपतीस सर्वजण येत असत, तेही आता एकदोन वर्षांआड. घर विकावे असे एकदाचे ठरते, आणि त्याच बैठकीत मतभेदास आरंभ होतो. थोरला म्हणतो, "या स्थितीत दाखविले तर कोणी उभा राहणार नाही, आधी घर नीट करू." धाकटा म्हणतो, "ज्यास घ्यावयाचे तो आपल्या आवडीप्रमाणे करून घेईल. आपण पैसा का घालावा?" बहीण काहीच बोलत नाही, कारण तिला कोणी विचारलेलेच नसते.

या दोघा भावांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. थोरल्याच्या ध्यानात येत नाही ते हे की, घरावर घातलेला प्रत्येक रुपया किमतीत परत येत नाही. धाकट्याच्या ध्यानात येत नाही ते हे की, न घातलेला एखादा रुपयाही कधी कधी किमतीतून दहा रुपये काढून नेतो. तेव्हा 'दुरुस्ती करावी की न करावी' हा प्रश्न असा सरसकट विचारण्यात अर्थ नाही. कोणती करावी आणि कोणती न करावी, हाच खरा प्रश्न होय.

याचे उत्तर शोधण्याची पहिली पायरी म्हणजे आपले घर घेणार कोण, याचा अदमास बांधणे. पालीसारख्या ठिकाणी घेणारे सामान्यतः तीन प्रकारचे असू शकतात. पहिल्यास घर नको असते, जागा हवी असते. महामार्गालगत दुकान, खाणावळ किंवा गोदाम घालावे अशा हेतूने तो येतो, आणि खरेदी झाल्यावर महिन्याभरात घर पाडून टाकतो. त्याच्याकरिता आपण नवी फरशी बसविली, तर ती फोडण्याची मजुरी मात्र त्यास अधिक पडेल. दुसरा घेणारा म्हणजे मुंबई-पुण्याकडील निवृत्त गृहस्थ. १९९८ साली कोकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाल्यापासून अशा मंडळींना कोकणात येणेजाणे सोपे झाले आहे. यास राहण्याजोगे घर हवे असते. पण न्हाणीघर कसे असावे, स्वयंपाकाचा ओटा कोठे असावा, याविषयी त्याच्या पत्नीची मते आपल्या मतांहून निराळी असण्याचा संभव फार. तिसरा घेणारा जुन्या घराच्या जुनेपणासाठीच येतो. पाहुण्यांच्या निवासासाठी त्यास कौलारू घर, लाकडी खांब, ओटीवरचा झोपाळा हे जसेच्या तसे हवे असते. आपण उत्साहाने ओटीवर चकचकीत फरशा बसविल्या आणि जुने दरवाजे काढून पत्र्याचे लावले, तर ज्याकरिता तो दोन पैसे अधिक देणार होता तेच आपण खर्च करून नाहीसे केले, असे होईल.

म्हणजे तिघांपैकी एकासही आपले नूतनीकरण नको आहे! तथापि तिघांनाही एक गोष्ट मात्र हवी असते, आणि ती म्हणजे निर्धास्तपणा. हा मुद्दा जरा विस्ताराने सांगितला पाहिजे.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यास अन्य दोघा अर्थशास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या मोटारीचे दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. मग घेणारा काय करतो? ही मोटार खराबही असू शकेल, असे धरूनच तो किंमत बोलतो. त्यामुळे ज्याची मोटार खरोखर चांगली आहे त्याचे नुकसान होते. घराचेही तसेच आहे. माजघराच्या छतावर ओलीचा एक डाग दिसला, की घेणारा त्या डागाची किंमत वजा करीत नाही. सारे छप्पर कुजले असेल असे धरून, तो सबंध छपराची किंमत वजा करतो. डाग दोन फुटक्या कौलांचा असेल, पण वजावट मनातल्या भीतीची होते. विकणाऱ्याने खर्च करावयाचा तो ही भीती घालविण्याकरिता, घेणाऱ्याची आवड भागविण्याकरिता नव्हे. हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे बाकीचे निर्णय आपोआप सुचू लागतात.

अमेरिकेत घरदुरुस्तीचा खर्च आणि विक्रीच्या किमतीत होणारी वाढ यांची तुलना करणारा एक अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होत आला आहे. त्यातही बहुतेक मोठ्या कामांचा खर्च पुरता वसूल होत नाही असेच दिसते. उंची थाटाच्या नव्या स्वयंपाकघराचा तर निम्माही निघत नाही. उलट पुढचा दरवाजा बदलणे यासारखी लहान कामे आपला खर्च भरून काढतात. तेथील घरे निराळी आणि बाजारही निराळा, हे खरे. पण मनुष्यस्वभाव फारसा निराळा नाही.

आता हिशेबाची रीत पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीकरिता घेतले आहेत. आपापल्या घराचे आकडे ज्याचे त्याने घालावेत. समजा, आहे त्या स्थितीत घरास ४० लाख रुपये देणारा मनुष्य आहे. नऊ लाख खर्चून नूतनीकरण केले तर ४६ लाख येतील असा दलालाचा अंदाज आहे, आणि कामास आठ महिने लागणार आहेत. वरवर पाहता सहा लाखांची वाढ दिसते. पण त्यातून नऊ लाखांचा खर्च वजा करा. शिवाय ४० लाख रुपये आजच हाती आले असते, तर सात टक्के व्याजाने आठ महिन्यांत सुमारे एक लाख ८७ हजार रुपये मिळाले असते. तेही वजा करा. हाती राहतात सुमारे ३५ लाख १३ हजार, म्हणजे काहीच न करण्यापेक्षा जवळजवळ पाच लाख कमी. दुसरा मार्ग असा की, छप्पर चाळणे, सांधकाम व साफसफाई यांवर सव्वा लाख खर्च करावा आणि महिन्याभरात काम उरकावे. घेणाऱ्याची धास्ती गेल्यामुळे साडेबेचाळीस लाख आले, तर खर्च व महिन्याचे व्याज वजा जाता ४१ लाखांच्या वर रक्कम उरते. नूतनीकरणाने तोटा, डागडुजीने नफा! अर्थात हा हिशेब खरा ठरण्यास 'आहे त्या स्थितीत किती' आणि 'दुरुस्तीनंतर किती' हे दोन्ही आकडे खर्च करण्यापूर्वी निदान दोघा-तिघा जाणकारांना विचारून घेतले पाहिजेत. बहुतेक लोक पहिला आकडा विचारीतच नाहीत, आणि दुसरा स्वतःच्या मनाने ठरवितात.

आता कोकणातील घराकडे वळू. येथील घराचा मुख्य शत्रू म्हणजे पाऊस. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. म्हणून पहिला खर्च छपरावर. मंगळूरास बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. तेथून पसरलेल्या मंगलोरी कौलांची छपरे आपल्याकडे इतकी रुळली की, ती नेहमीचीच वाटतात. कौल स्वतः पुष्कळ वर्षे टिकते. कुजतात त्या खालच्या रिपा आणि वासे. कौले उतरवून फुटकी बदलणे, कुजलेल्या रिपा नव्या घालणे, आणि आढे व तुळया यांना वाळवी लागली आहे किंवा काय हे टोचून पाहणे, हे काम माहितगार सुताराकडून करवून घ्यावे. काय बदलले आणि काय शाबूत आहे, याची एक यादी त्याच्याकडून लिहून घेतली आणि उघड्या छपराची छायाचित्रे काढून ठेवली, तर घेणाऱ्यास दाखविण्यास त्यांचा फार उपयोग होतो.

दुसरा खर्च ओलीवर. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून वर तेलरंग चढविला तर ओल आत कोंडते आणि एका पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यापेक्षा जोत्याभोवतीची माती उकरून पाण्यास वाट करून द्यावी, पागोळीचे पाणी भिंतीपासून दूर काढावे आणि आत साधा चुना द्यावा. याखेरीज परसातील रान काढणे, विहीर उपसणे, पडका गडगा उभा करणे, विजेच्या लोंबत्या तारा नीट करणे, पोटमाळ्यावरची अडगळ काढणे, ही कामे थोडक्या खर्चाची आहेत. गडगा नीट असला म्हणजे जागेची हद्द डोळ्यांस दिसते, आणि हद्दीची शंका ही जमीन घेणाऱ्याची मोठी शंका असते.

हे सर्व पावसाळ्यापूर्वी उरकावयाचे, हे निराळे सांगावयास नकोच. दिवाळीनंतर काम काढावे आणि एप्रिलअखेर संपवावे. मे महिन्यात सर्वांनाच शाकारणीची घाई असते व गडी मिळत नाहीत. छप्पर उघडे असताना पाऊस आला, तर दुरुस्तीकरिता काढलेले घर दुरुस्तीनेच बिघडेल.

येथे एका मोहापासून सावध केले पाहिजे. वाळवी लागलेल्या तुळईवर रंग चढवावा, ओलीच्या डागावर गिलावा फिरवावा आणि घर खपवावे, असा सल्ला देणारे लोक असतात. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी कायदा तो ठेवू देत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे पण घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही कळण्याजोगा नाही, तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. न सांगणे हे कपट समजले जाते. म्हणून दोष एक तर दूर करावा, नाही तर सांगून किंमत कमी घ्यावी. झाकण्याकरिता केलेली दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे.

आतापर्यंत चुनादगडाची डागडुजी झाली. तिच्याहून महत्त्वाची डागडुजी कागदांची आहे, आणि तिच्यावर घातलेला पैसा सहसा वाया जात नाही. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर शहाणा घेणारा घराची पायरीही चढणार नाही. वारसनोंद करून घ्यावी, भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, ग्रामपंचायतीची घरपट्टी भरून टाकावी. गावठाणातील घरांकरिता केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. तिच्याखाली आपल्या घराचे मालमत्ता पत्रक तयार झाले आहे काय, याची चौकशी करावी. घर गावठाणाबाहेर शेतजमिनीत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच घेता येते. घर कितीही सजविले तरी, मुंबईचा शेतकरी नसलेला गृहस्थ ती जागा परवानगीवाचून घेऊ शकणार नाही. जमीन बिनशेती आहे की नाही याची शहानिशा रंगाच्या डब्यापेक्षा आधी झाली पाहिजे.

पालीसारख्या गावी रस्त्याचीही चौकशी हवी. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण कित्येक वर्षे चालले, आणि मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणासाठीही जमिनी संपादन झाल्या. आपल्या जागेतील किती भाग संपादनात गेला, मोबदल्याचा निकाल लागला किंवा नाही, आणि रस्त्याच्या कडेपासून बांधकामास मनाई असलेली रेषा कोठून जाते, हे कागदावर पाहिल्याखेरीज पडवीस एक चिराही लावू नये.

आता त्या न बोलणाऱ्या बहिणीकडे येऊ. १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीस मुलाइतकाच वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही ती जन्मतः हिस्सेदार झाली. आणि वडील त्या तारखेस हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तिच्या सहीवाचून सबंध घर विकता येत नाही. फक्त भावांचे हिस्से विकू म्हटले, तर परक्या खरेदीदारास एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात सहकब्जा मागण्याचा हक्क कायदा देत नाही. मग असा घोटाळा पैसे देऊन कोण विकत घेईल? ज्या घराच्या छपरावर लाख रुपये खर्च झाले आणि बहिणीस विचारावयाचे राहिले, ते घर गळत नसले तरी विकावयास तयार झालेले नाही.

खर्चाचेही तसेच. थोरल्याने उत्साहाने आपल्या पदरचे पैसे घातले आणि विक्रीनंतर वाटणीच्या वेळी ते आधी मागितले, की धाकटा म्हणतो, "मी तर नको म्हणत होतो." येथून जे वितुष्ट येते ते घराच्या किमतीहून महाग पडते. म्हणून कामास हात लावण्यापूर्वी एका कागदावर तीन ओळी लिहून सर्वांनी सह्या कराव्यात: कोणते काम करावयाचे, खर्चाची मर्यादा किती, आणि विक्रीच्या रकमेतून तो खर्च प्रथम कोणास परत द्यावयाचा. घरात एखादी वृद्ध आत्या अथवा काकू राहत असेल, तर तिची पुढची सोय काय, ही चौथी ओळ. ती लिहिल्याखेरीज वरच्या तिन्ही ओळींना शोभा नाही.

प्राप्तिकराचाही एक शब्द. २३ जुलै २०२४ पासून घरजमिनीच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दराने, महागाई निर्देशांकाचा लाभ न धरता, कर बसतो. त्यापूर्वी घेतलेल्या मिळकतीबाबत देशात राहणाऱ्या व्यक्तीस निर्देशांकासह २० टक्के दराने हिशेब करून, जो कर कमी येईल तो भरण्याची सवलत आहे. घरात कायमची भर घालणारा खर्च नफ्यातून वजा मिळू शकतो. रंगसफेदीसारखी नित्याची दुरुस्ती मिळत नाही. म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात, आणि रकमा पक्क्या करण्यापूर्वी कर-सल्लागारास विचारावे.

सबंध नूतनीकरण कधीच करू नये काय? तसे नाही. घर बाजारात ठेवून वर्ष गेले, घेणारे राहण्यासाठीच येतात, आणि प्रत्येकजण एकाच उणिवेकडे बोट दाखवितो, उदाहरणार्थ घरात शौचकूप नाही, तर ती एक उणीव अवश्य भरून काढावी. विक्री लांबणार असून मध्यंतरी घर भाड्याने द्यावयाचे असेल, तर खर्चाचा काही भाग भाड्यातूनही निघतो. पण "आईबापांचे घर अशा दशेत परक्यास कसे द्यावे?" या भावनेपोटी खर्च करावयाचा असेल, तर तो खर्च म्हणजे श्रद्धांजली आहे, व्यवहार नव्हे, हे स्वतःशी कबूल करून करावा. मालगुंडास केशवसुतांचे घर जतन करून १९९४ साली तेथे स्मारक झाले. ते योग्यच झाले, कारण ते ठेवण्याकरिता होते. आपले घर आपण देण्याकरिता सिद्ध करीत आहोत.

तेव्हा, श्रोतेहो, क्रम असा धरावा: आधी माणसे, मग कागद, मग छपर आणि ओल, मग साफसफाई, आणि सर्वांच्या शेवटी, पैसा उरलाच तर, रंग. पुष्कळ घरी हा क्रम नेमका उलटा धरला जातो, आणि रंग वाळण्यापूर्वीच वाद सुरू होतो. घर विकले तरी पल्लीनाथाच्या दर्शनास येणे राहतेच. तेव्हा ते ज्याच्या हाती दिले त्याच्या, आणि आपल्या भावंडांच्या, डोळ्यांस डोळा देऊन त्या वाटेवरून जाता यावे, एवढी डागडुजी मात्र प्रत्येकाने अवश्य करावी.